सोवळं कोणी पाळायचं?

सोवळ्याचे नियम आणि ऑपरेशन थिएटरचे नियम वरवर सख्खे भाऊ वाटतात. वेगळे कपडे, हात धुण्याचा ठरलेला क्रम, ‘शिवू नका’चा सततचा धाक. हात धुऊन, कोपरं वाकवून, कशालाही न शिवता उभी असलेली सिस्टर पाहिली की सोवळ्यातली आजी आठवतेच. पण साम्य तेवढंच. सोवळ्यात विटाळ नेहमी दुसऱ्याचा असतो. पाळीतली बाई, बाळंतीण यांना बाजूला बसवायचं, आपण शुद्ध राहायचं. शस्त्रक्रियेच्या शास्त्राने संशयाचं हे बोट उलट फिरवलं.

ते फिरवणारा डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात सूतिकाज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. तिथे जाण्यापेक्षा रस्त्यावर बाळंत होणं बरं, हे शहाणपण बायकांना आधीच आलं होतं. मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनात सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात दिसलं ते सगळं बाळंतिणींच्या शरीरात दिसणारंच होतं. सेमेलवाइसने ताडलं, की डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येतात आणि मृत्यू त्यांच्या हातांवरून येतो. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मरत होत्या, जूनमध्ये दोन. आकडे इतके बोलके असूनही विद्वान मंडळींना हा अपमान वाटला. विद्वानाचा हात ओवळा? सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, तोही जखम चिघळूनच.

तरी बाईच्या शरीरात जंतू नसतातच असं नाही, आणि स्त्रीरोग शस्त्रक्रियेची खरी गुंतागुंत इथे आहे. गर्भाशय काढताना योनिमार्गाचं वरचं टोक उघडावं लागतं, म्हणजे जंतूंची वस्ती असलेली वाट थेट पोटात उघडते. औषधाने ती पुसून घेतात, पण पूर्ण निर्जंतुक ती कधीच होत नाही. शिवाय तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्लता टिकवून राखणच करत असतात. तिथलं संतुलन बिघडून बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालेला असेल, तर तो शस्त्रक्रियेआधी शोधून बरा करणं शहाणपणाचं. नायनाट करायचा नाही, धोका कमी करायचा. सोवळ्याच्या मनाला हे पटायला जड जातं.

फार स्वच्छता करण्याच्या हौसेनेही नुकसान होतं. आदल्या रात्री वॉर्डात होणारं ‘पार्ट प्रिपरेशन’ पाहा. वस्तरा फिरला की कातडी गुळगुळीत दिसते, पण डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे उठतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. म्हणून आता केस तसेच ठेवावेत, अगदी अडचण होत असेल तरच क्लिपरने कापावेत, असं सांगतात.

अँटिबायोटिकचंही तेच, जास्तीपेक्षा वेळ महत्त्वाची. जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की जंतू शिरण्याआधी किंवा शिरताना औषध रक्तात असेल तर उपयोग, तीन तासांनी दिलं तर जवळपास शून्य. म्हणून सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचा. शस्त्रक्रिया लांबली किंवा रक्त फार गेलं तर पुन्हा. आपल्याकडे मात्र वेळेवरच्या एका डोसापेक्षा नंतरच्या आठवडाभराच्या गोळ्यांवर विश्वास जास्त. नातेवाइकांनाही पिशवीभर औषधं मिळाली की बरं वाटतं.

(आणि सगळ्यात खात्रीचा प्रतिबंध म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया न करणं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांची गोष्ट २०१९ मध्ये गाजली, तेव्हा प्रश्न हात धुण्याच्या कितीतरी आधीचा होता.)

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची तपासणी-यादी आणली. तीत चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि एकाने मोठ्याने विचारायचं: अँटिबायोटिक गेलं का? बहुतेकदा हे विचारणारी सिस्टर असते आणि समोर ‘सर’. उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ न देण्याचा अधिकार तिला यादीने दिला आहे. सेमेलवाइसला जो संशय एकट्याने बोलून दाखवावा लागला, तो आता छापील कागदावर आला. मात्र पुष्कळ ठिकाणी हा कागद शस्त्रक्रिया आटोपल्यावर केसपेपरबरोबर एका दमात भरला जातो, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करून.