तिकीट माझं, बोट सगळ्यांची



हल्ली आपल्या घरातली मुलं पाठीवर एक सॅक अडकवून भटकायला निघतात. इंदूर असो, बेळगाव असो की वडोदरा, हिवाळ्यात कुणाच्या तरी घरून ग्रुपवर अंदमानचे फोटो येतातच. आपल्या पिढीला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. मुलांना हॅवलॉक आणि नील आठवतं, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप.

या बेटांवर जायचं तर बोट. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉकला खाजगी वेगवान बोट साधारण दीड तासात पोचवते, सरकारी फेरीबोट अडीच तास घेते. सरकारी बोट बरीच स्वस्त, म्हणून खिसा सांभाळून फिरणारी मुलं तिचंच तिकीट शोधतात. तिथे एक गोष्ट त्यांना खटकते. बेटावरच्या माणसाला ओळखपत्र दाखवलं की तिकीट आणखी स्वस्त मिळतं. मुलं विचारतात, "देश एक, बोट एक, मग हा भेदभाव का?"

प्रश्न टाळू नये. पण उत्तराआधी एक बघू. आपली बस चुकली तर रिक्षा आहे, रेल्वे आहे. बेटावरच्या माणसाची बोट म्हणजेच एसटी, भाजीचा ट्रक आणि कधी कधी ॲम्ब्युलन्ससुद्धा. लिटल अंदमानच्या हट बेहून मोठ्या दवाखान्यात दाखवायला श्री विजयपुरमला यायचं तर बोटीत सहा-आठ तास जातात. हेलिकॉप्टर आहे, पण जागा मोजक्याच. घरात आपण ताटं सगळ्यांना सारखी वाढतो, पण आजारी माणसाला आधी वाढतो. त्याला कुणी भेदभाव म्हणत नाही. सारखं देणं वेगळं आणि योग्य देणं वेगळं.

दुसरी बाजूही खरी आहे. पर्यटकालाही घरी परतायचं असतं, विमान गाठायचं असतं. वर्षभर पैसे साठवून आलेल्या विद्यार्थ्याची सहल काही चैन नव्हे. शिवाय पर्यटकांच्या पैशावर बेटावरची कितीतरी घरं चालतात. म्हणून "नेहमी आपली जागा सोडा" असा सरसकट नियम करता येत नाही. तिकीट घेतलंय, हक्क आहे. कायदा इथे थांबतो. धर्म इथून पुढे सुरू होतो. तो एवढंच विचारतो: ही बोट चुकली तर माझं काय जाईल, आणि समोरच्याचं काय जाईल?

डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. नौदलाच्या जहाजांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. चांगलंच झालं. पण पर्यटक सुटले, बेटावरची माणसं तिथेच राहिली, कारण त्यांचं घरच तिथे. आपल्याला चार दिवसांची गैरसोय होते, त्यांचं ते रोजचं जगणं आहे. हे ध्यानात राहिलं की रांगेतली चिडचिड आपोआप कमी होते.

आता खरी मेख. मन मोठं ठेवायला वेळ हाताशी लागतो. आज दुपारी बोट, संध्याकाळी विमान, उद्या सकाळी ऑफिस, असा बेत आखला की भला माणूससुद्धा धक्काबुक्की करतो. तो वाईट नसतो, त्याच्याकडे द्यायला वेळच उरलेला नसतो. म्हणून औदार्य जेट्टीवर नाही, घरी बेत आखतानाच ठरतं. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवला, की "काकू, तुम्ही जा, मी उद्या येतो" हे म्हणता येतं. सॅकमध्ये निम्मं सामान घेतलं, की शेजारची जागा अडत नाही. अपरिग्रह म्हणजे फक्त वस्तू कमी नव्हे, बेतही थोडे सैल.

गोव्याच्या मंडळींना हे दूरचं वाटणार नाही. दिवाडीची फेरीबोट रोज घरी परतणाऱ्यांचीही असते आणि सुट्टीला आलेल्यांचीही.

या आठवड्यात जेवताना मुलांना हा प्रश्न विचारा: हक्क असूनही जागा कधी सोडावी? उत्तर लगेच सांगू नका. आधी त्यांचं ऐका.

🙏 सर्वांचं कल्याण होवो 🙏