बॅटरीचा उजेड

१९९८ साली मी नोकरीनिमित्त मस्कतमध्ये होतो. ओमानात त्या काळी आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे. रुवी येथील संत पेत्र व संत पौल यांच्या चर्चमध्ये शुक्रवारी मिस्सेला गेले की मराठी, कोकणी बोलणारी आपली माणसे भेटत आणि आठवड्याचा शीण उतरे. अशाच एका सुट्टीत आम्ही चार मित्रांनी रास अल-जिन्झला जायचे ठरवले. मी मालवणचा, एक वसईचा आणि दोघे गोव्याचे. शुक्रवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला परत यायचे, एवढा एकच नेम केला होता.

रास अल-जिन्झ हे अरबस्तानच्या पूर्व टोकाशी, सूर शहराच्या पुढे आहे. तेथील वाळूत हिरवी सागरी कासवे वर्षभर अंडी घालण्यासाठी येतात. १९९६ साली ओमानच्या सुलतानांनी फर्मान काढून हा किनारा राखीव केला. आम्ही परवानगीच्या जागी तंबू ठोकले, माशाचे कालवण केले आणि रात्री रक्षकाच्या मागोमाग किनाऱ्यावर उतरलो. नियम थोडे व स्पष्ट होते : बॅटरी लावायची नाही, बोलायचे नाही, कासवाच्या पुढ्यात जायचे नाही.

त्या रात्री जे पाहिले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. शंभर-सव्वाशे किलोचा तो जीव वाळूत खड्डा करून एकामागून एक अंडी सोडत होता. एका खेपेस ती शंभराच्या आसपास असतात. मागचे पाय माणसाच्या हातांसारखे हळुवार चालत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते अश्रू नव्हेत, शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा तो स्राव असतो, हे मला पुढे कळले. परंतु त्या क्षणी आम्हां चौघांपैकी एकालाही तसे वाटले नाही.

आम्ही तंबूत परतलो. मला मात्र झोप येईना. मध्यरात्रीनंतर मी एकटाच उठून किनाऱ्याच्या कडेला गेलो. एक कासवीण लाटेतून नुकतीच वर येत होती. रक्षक दूर होता, आसपास कोणी नव्हते. तिचा चेहरा एकदा नीट पाहावा, या एकाच मोहाने मी खिशातली बॅटरी काढून तिच्या तोंडावर धरली. ती थबकली. मग तो अवजड देह तिने सावकाश वळवला आणि आल्या वाटेने ती समुद्रात निघून गेली.

सकाळी वाळूवर तिच्या येण्याजाण्याची कमान उमटलेली होती. शेजारी माझ्या बुटांचे ठसे होते. रक्षक तेथे थोडा वेळ थांबला. मोडक्या हिंदीत तो एवढेच म्हणाला, “वापस गया.” त्याने माझ्या बुटांकडे पाहिले, पण विचारले काहीच नाही. त्याने दंड केला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. दंड भरला की माणूस स्वतःला मोकळा समजतो.

संध्याकाळी मिस्सेच्या आरंभी पापांगिकाराची प्रार्थना म्हणताना ती कमान डोळ्यांपुढे आली. आणि एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. हे पाप असेल, तर ते कोणत्या आज्ञेखाली मांडावे? मी खून केला नव्हता, चोरी केली नव्हती, खोटे बोललो नव्हतो. कासवाचे तरी काय बिघडले? अशी परत फिरलेली मादी बहुधा त्याच रात्री किंवा पुढच्या एखाद्या रात्री पुन्हा किनारा गाठते. नुकसान मोजायला बसलो तर हाती जवळजवळ काहीच लागत नव्हते. तरीही मन शांत होईना. ज्याचे माप घेता येत नाही आणि ज्याला साक्षीदार नाही, ते कृत्य वाईट असू शकते काय?

रजेवर घरी आलो तेव्हा ही हकिकत आईला सांगितली. वाटले, ती हसेल. ती हसली नाही. “बाळंत होवक इल्ली ती. तिच्या तोंडार बॅटरी कित्याक मारलंस?” असे तिने विचारले.

मला रागच आला. कारण माझ्या लहानपणी याच आईने कासवाची अंडी चुलीवर शिजवली होती. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची लहान कासवे येतात. ती अंडी काढून खाणे व विकणे हे तेव्हा कोकणात कोणाला वावगे वाटत नसे. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “आमका भूक होती. तुका कसली भूक लागल्ली?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. परिणाम पाहू गेल्यास आईचे कृत्य मोठे ठरते. तिने अख्खे घरटे रिकामे केले, मी एका जीवाला रात्रभर ताटकळत ठेवले. पण परिणामांवर सारेच संपते असे नाही. आईने गरजेपुरते घेतले आणि ते घेणे आहे हे ती जाणून होती. मी पोटभर जेवून, काहीच घेत नाही अशा समजुतीत गेलो होतो. पाहणाऱ्याला आपण निरुपद्रवी आहोत असे नेहमीच वाटत असते. नजरेचीही हाव असू शकते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पुढे पवित्र शास्त्र वाचताना अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील एक लहानशी आज्ञा दृष्टीस पडली. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घे, परंतु आईला जाऊ दे, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा भुकेला नाकारत नाही. ती भुकेला मर्यादा घालते. आणि आश्चर्य म्हणजे या आज्ञेला जोडलेले अभिवचन, तुझे कल्याण होईल व तू दीर्घायुषी होशील हे, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडलेले आहे. एका पाखराच्या मातृत्वाचा मान आणि स्वतःच्या आईबापांचा मान यांना शास्त्राने एकच फळ सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला. माझे पाप कोणत्या आज्ञेखाली मांडावे, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

ईयोबाच्या ग्रंथातही असाच एक उतारा आहे. शहामृगी आपली अंडी वाळूत टाकून जाते आणि कोणाचा पाय पडून ती फुटतील याचे तिला भान राहत नाही, असे तेथे देव स्वतः वर्णन करतो. त्या पक्ष्याचा ईयोबाला काडीचा उपयोग नाही. देव मात्र त्याच्याविषयी एखाद्या कारागिराने आपल्या कामाविषयी बोलावे तसा बोलतो. सृष्टीत माणसाच्या उपयोगापलीकडचेही पुष्कळ आहे आणि तेही देवाच्या लेखी मोलाचे आहे, ही गोष्ट दुःखाने स्वतःतच गुरफटलेल्या ईयोबाला सांगावी लागली. आम्हांला तर ती सुखातही सांगावी लागते.

पण येथे एक धोका आहे आणि तो सांगितल्याविना हे चिंतन अप्रामाणिक ठरेल. शहरातून सुट्टीला येणाऱ्या माणसाची भूतदया स्वस्त असते. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा आपल्या मच्छीमार बांधवांनी त्याला विरोध केला. तो त्यांच्या क्रूरपणामुळे नव्हे, तर ‘आम्ही मासे कोठे पकडायचे?’ या धास्तीमुळे. जाळ्यात कासव सापडले तर ते सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे घरची भाकरी. राज्य शासनाने २०१८ साली अशा फाटलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली, हे उचितच झाले. कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांना विनाकारण छळणे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे मानतो. त्याच ठिकाणी तो असेही बजावतो, की माणसांच्या दुःखनिवारणाचा पैसा प्राण्यांवर उधळू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. जो आपले जाळे कापतो, त्याची दया खरी. आपण तंबूत बसून हळहळतो, त्या हळहळीला अजून किंमत मोजायची आहे.

मग आपण काय मोजावे? मला वाटते, निदान आपली हौस तरी मोजावी. न पाहणे, न लावलेला दिवा, न काढलेले छायाचित्र, हे आपले लहानसे उपासच आहेत. उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो. डोळ्यांनाही कधी एखादा उपास घडू द्यावा.

आज आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर गावकरी कासवांची घरटी राखतात. ज्या वाळूतून पूर्वी अंडी टोपलीतून घरी येत, तेथेच आता त्यांना कुंपण घातले जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले निघाली की त्यांना पाण्याकडे सोडले जाते. ती उजळ क्षितिजाकडे चालतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना वाट चुकवतात. हजारातले एखादेच मोठे होते, असे अभ्यासक म्हणतात. जी मादी जगते, ती वर्षांनंतर बहुधा आपल्या जन्मकिनाऱ्याच्याच परिसरात परतते.

मागे एकदा नातवाला घेऊन मी तेथे गेलो होतो. संध्याकाळ होत आली होती. पिले वाळूवरून निघाली तसे पुष्कळांचे हात मोबाइलसाठी खिशाकडे गेले. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “राहू दे बाळा, त्यांना आधी जाऊ दे.” तो माझा हात धरून उभा राहिला. अंधार पडला, शेवटचे पिलू लाटेत शिरले आणि त्याने विचारले, “आजोबा, आता ते आपल्याला परत दिसणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “पण त्याची आई एकदा मला दिसली होती, असे समज.” आणि घरी परतताना वाटेत मी त्याला रास अल-जिन्झची ती रात्र सांगितली, काहीही न लपवता.