प्रतिकृति आणि सचोटी

सुप्रसिद्ध वस्तूची नक्कल करून ती अभिमानानें बाळगणाऱ्या मनुष्यास रसिक म्हणावें कीं तोतया, हा प्रश्न चित्रें, मूर्ति आणि दागिने यांच्या बाबतींत जुनाच आहे. इंग्लंड-अमेरिकेंत रूढ झालेल्या एका छंदानें तो नव्या स्वरूपांत पुढें आणला आहे. तेथें अनेक गृहस्थ जुन्या, नामांकित स्पोर्ट्स मोटारींच्या प्रतिकृति आपल्या घरीं, आपल्या हातांनीं बांधतात. पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचें अंग आणि लहानमोठ्या भागांच्या पेट्या कारखान्याकडून येतात. इंजिन, गिअर आणि मागचा आंस पुष्कळदां एखाद्या वापरलेल्या साध्या मोटारींतून काढून घेतात. मग सुटीमागून सुटी गॅरेजांत जाते, आणि कधीं वर्षा-दोन वर्षांनीं एक गाडी बाहेर पडते.

या प्रथेचा पाया सौंदर्यप्रेमाइतकाच कराच्या हिशेबावरहि उभा आहे, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. कॉलिन चॅपमन यानें १९५७ सालीं ‘लोटस सेव्हन’ ही हलकी गाडी काढली, तेव्हां ब्रिटनमध्यें तयार मोटारीवर खरेदी-कर पडत असे. सुट्या भागांचा संच घेऊन ती घरीं जोडणाऱ्याची त्यांतून सुटका होई. १९७३ सालीं खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. छंद मात्र संपला नाहीं. पैसे वांचविण्यासाठीं अंगावर घेतलेलें काम मनुष्य पुढें पैसे खर्चूनहि करूं लागतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

प्रतिकृतींचा मान सर्वांत अधिक मिळाला तो ‘कोब्रा’ या गाडीला. टेक्ससचा शर्यतपटु कॅरोल शेल्बी यानें १९६२ सालीं इंग्लंडांतील ए. सी. कंपनीच्या ‘एस’ नांवाच्या हलक्या गाडींत फोर्डचें आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन बसविलें. अशा सुमारें हजारच गाड्या झाल्या. त्यांतील पहिली २०१६ सालीं कॅलिफोर्नियांत लिलांवांत निघाली, तेव्हां तिला १ कोटि ३७॥ लक्ष डॉलर किंमत आली. सामान्य मनुष्यानें ही गाडी घेण्याचें नांवच काढूं नये. म्हणून १९९५ सालीं स्थापन झालेल्या ‘फॅक्टरी फाइव्ह’ या मॅसॅच्युसेट्समधील कंपनीनें जुन्या फोर्ड मस्टँगचे भाग वापरून तीच आकृति घरीं उभी करण्याचे संच विकण्यास आरंभ केला.

यावर आक्षेप असा कीं, हें दुसऱ्याच्या कीर्तीवर डल्ला मारणें आहे. नुसती नक्कल हा गुन्हा होऊं शकत नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती महाराष्ट्रांतील घरोघर भिंतींवर लागल्या, म्हणून कोणी तीं घरें खोटेपणाचीं ठरविलीं नाहींत. शिवाय ज्या मूळ गाडीचा एवढा अभिमान, तिचें मूळ तरी कितपत शुद्ध? कोब्राचें अंग ए. सी. ‘एस’चें, ‘एस’चें मूळ जॉन तोजेरो याच्या शर्यतीच्या गाडींत, आणि त्या गाडीच्या बाह्य आकृतीचें इटलींतील फेरारी ‘बार्केट्टा’शीं असलेलें साम्य कोणाच्याहि डोळ्यांत भरण्याजोगें. शेल्बीची प्रतिभा जुळणीत होती.

तर मग ‘खरी’ गाडी कोणती? आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वीं विचारला गेला आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पालि ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजाला विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. रथ हें त्या सर्वांच्या जुळणीला व्यवहारांत दिलेलें नांव ठरतें. इंग्लंडांतील एका न्यायाधीशासहि याच वाटेनें जावें लागलें. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडींत पुढें इतके फेरफार झाले कीं, शर्यतीच्या वेळचा फारच थोडा भाग तींत उरला. तिच्या विक्रीवरून झालेला तंटा १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत निघाला. घेणाऱ्याचें म्हणणें, ही ती गाडी नव्हेच. न्यायमूर्ति ओटन यांनीं निर्णय दिला तो असा कीं, गाडीचा इतिहास अखंड आहे, तिची जागा दुसऱ्या कोणत्याहि गाडीनें कधीं घेतलेली नाहीं. सबब ती तीच होय.

आमच्या मतें या निर्णयांत प्रतिकृतीच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. वस्तूचें खरेपण तिच्या लोखंडापेक्षां तिच्या इतिहासांत असेल, तर घरीं बांधलेली गाडी कितीहि हुबेहूब असली तरी १९६२ सालची कोब्रा होणार नाहीं. परंतु त्याच न्यायानें तिला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो पूर्णपणें अस्सल आहे. त्याचा आरंभ बांधणाऱ्याच्या गॅरेजांत झाला. आकृति उसनी आहे. श्रम उसने नाहींत. तयार गाडीचा ब्रेक निकामी झाला तर कारखान्याकडे बोट दाखवितां येतें. येथें तें बोट आपल्याकडेच वळतें. शेजारीं बायको बसणार, मुलगा बसणार. ज्या बोल्टावर त्यांचा जीव अवलंबून आहे, तो आंवळीत असतांना मनुष्य कोणाचीहि नक्कल करीत नसतो. हातानें काम करणें म्हणजे कमीपणा असें मानणाऱ्या आमच्या पांढरपेशा वर्गानें या छंदाकडे निदान एवढ्यापुरतें तरी आदरानें पाहावें.

खरा धोका पुढेंच आहे. गाडी रस्त्यावर येते, कोणी थांबून विचारतो, “ही खरी कोब्रा काय?” त्या वेळीं नुसतें हंसणें फार सोपें असतें. खोटें तर बोललों नाहीं, ऐकणाऱ्यानें काय समजावें तें त्याचें तो जाणे, असें मनाचें समाधानहि करतां येतें. पण अश्वत्थाम्याविषयींचें वाक्य धर्मराजानें असेंच, अक्षरशः खरें राहील अशा बेतानें उच्चारलें, आणि जमिनीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ इतरांच्या रथांसारखा भुईला टेकला. जें मौन दुसऱ्याच्या गैरसमजावर पोसतें, तें असत्यच होय. आणि येथें तर त्याची झळ बोलणाऱ्यालाच अधिक लागते. कारण ‘ही खरी’ असें भासवितांच त्यानें शेल्बीच्या इतिहासासाठीं आपला इतिहास पुसून टाकला. स्वतः केलेल्या दोन वर्षांच्या कामाला तो आपणच लाजला!

ब्रिटनमध्यें अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीं ती सरकारी तपासणींत उतरावी लागते. आणि जिचें वय किंवा ओळख निश्चित करतां येत नाहीं, तिच्या क्रमांकाच्या आरंभीं ‘क्यू’ हें अक्षर घालतात. पुष्कळ मालकांना तें अक्षर कमीपणाचें वाटतें. आम्हांला तें तसें वाटत नाहीं. जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणून उघडपणें लिहिणें, यांत लज्जास्पद काय आहे? ज्याला “ही मीं बांधली” असें म्हणतां येतें, त्यानें “ही मूळची आहे” असें म्हणण्याचा मोह कां धरावा? दुसऱ्या वाक्याला लिलांवांत किंमत येते, हें खरें. पण पैसा असला कीं तें कोणालाहि विकत घेतां येतें. पहिलें मात्र ज्याचें त्यालाच मिळवावें लागतें.