दोन्ही यंत्रं चालू असताना

हळदीच्या रात्री मांडवातल्या साउंडवाल्याला दोनच फर्माइशी सतत येत असतात: बेंजो वाढव आणि माइकला इको दे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही आगरी-कोळी गावात जा, 'इको' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मिक्सरवरचं एक बटण फिरतं आणि अंगणात गाणाऱ्या बाईचा आवाज खाडीपलीकडे जाऊन परत आल्यासारखा वाटू लागतो. मी आवाजाच्या नादी लागलो तो त्या बटणामुळे. आज गिटार वाजवताना माझ्या पायाशी असतं ते पेडल त्याच घराण्यातलं.

तळहातावर मावणारी धातूची डबी. तिच्या एका बटणावर लिहिलंय 'टेप एज', म्हणजे टेपचं वय. दुसऱ्यावर 'वॉव अँड फ्लटर': टेप ओढणारी मोटर अडखळली की स्वरात येणारे संथ हेलकावे आणि बारीक थरथर. आत टेप नाही, मोटर नाही, फिरणारं काहीच नाही. आहे ती फक्त एक चिप, जुन्या टेपसारखं वागायला शिकवलेली. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रायमन कंपनीच्या 'एल कॅपिस्तान'वर ही बटणं आहेत. जपानच्या बॉस कंपनीनं २०२२ मध्ये आणलेल्या आरई-२०२ मध्येही टेपची थरथर कमीजास्त करता येते. जे दोष घालवण्यासाठी ध्वनितंत्रज्ञांच्या पिढ्या झटल्या, ते आज बटणावर नाव कोरून विकले जातात. हे स्मरणरंजन आहे, फसवणूक आहे, की आणखी काही, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही.

आधी मूळ यंत्राकडे पाहू. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोह-ऑक्साइडचा थर. समुद्राकाठी राहणाऱ्याला हा पदार्थ परका नाही. खाऱ्या हवेनं खिडकीचे गज ज्या गंजानं पोखरले जातात, त्याचा हा सख्खा नातलग. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी कागदी पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवून आवाज साठवण्याची पद्धत काढली आणि १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन हे यंत्र बर्लिनमध्ये लोकांपुढे आलं. टेप-इकोचं तत्त्व त्याहून सोपं. टेपची बंद कडी गोल फिरत राहते. एक हेड आवाज तिच्यावर चुंबकानं उमटवतं, थोडं पुढं बसवलेलं दुसरं हेड तो वाचतं. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांत पावणेसहा सेंटिमीटर अंतर असेल, तर मूळ स्वरानंतर ०.३ सेकंदानं पडसाद येतो. वाचलेला आवाज पुन्हा टेपवर उमटायला धाडला की पडसादाचा पडसाद, मग त्याचाही पडसाद.

या ०.३ सेकंदाला आपल्या डोळ्यांपुढची जागा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ०.३ सेकंदात तो समोरच्या भिंतीपर्यंत ५१ मीटर जाऊन तेवढाच परत येतो. रेवदंड्याच्या तटासमोर ५१ मीटरवर उभं राहून हाळी घातली तर तेवढ्याच वेळानं ती आपल्याला भेटेल. पेडलवरचं वेळेचं बटण फिरवतो तेव्हा मी खरं तर एक अदृश्य तट मागंपुढं सरकवत असतो. यंत्रं हाताशी नव्हती तेव्हा हे अंतर पायांनी तोडावं लागे. १९४९ च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' ध्वनिमुद्रित करताना लता मंगेशकर दुरून गात गात माइककडे चालत आल्या होत्या, म्हणून त्या आवाजात येण्याची चाहूल आहे. पुढं १९५४ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांनी दोन टेपयंत्रं जोडून एल्व्हिस प्रेस्लीच्या आवाजामागे तो प्रसिद्ध आखूड पडसाद उभा केला. १९५८ मध्ये लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचं 'कॉपीकॅट' आलं, मग अमेरिकेत 'एकोप्लेक्स', आणि १९७४ मध्ये रोलंड कंपनीचं आरई-२०१ 'स्पेस इको'. त्यात टेपला रिळंच नव्हती. ती एका कप्प्यात सैल वळ्यावळ्यांनी पडलेली असे आणि तीन वाचक-हेडांसमोरून सरकत राही.

ही टेप झिजायची. हेडांवर घासून थर उडायचा, दमटपणा लागायचा, सुरकुती पडायची. दर फेरीत आवाजातली धार आधी जायची, मग तपशील, शेवटी उरायचा नुसता घुमारा. म्हणून १९८० च्या दशकात डिजिटल डिले आले तेव्हा सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. पहिला पडसाद जसा, तसाच दहावा. पण ते वाजवताना अडचण कळली. स्वच्छ, धारदार पडसाद मागं हटतच नाही. वाजवणाऱ्याच्या पुढच्या स्वराशी तो बरोबरीच्या माणसासारखा वाद घालत राहतो. टेपचा पडसाद मात्र मूळ स्वराला वाट देतो. याचं कारण निसर्गात आहे. हवेतून जाताना उंच कंपनं आधी विरतात, भिंत आणि झाडी उरलेल्यांतली काही शोषून घेतात, म्हणून दुरून आलेला प्रत्येक आवाज मऊ असतो. मऊ आवाज म्हणजे दूरचा, हे कानाला जन्मापासून माहीत आहे. टेपची झीज हा यंत्राचा दोष होता खरा, पण तो योगायोगानं निसर्गाच्या नियमाशी जुळला होता. दोष काढला आणि त्याच्याबरोबर अंतर नाहीसं झालं.

तेव्हा पेडल बनवणाऱ्यांपुढचं काम दोष पुन्हा आणण्याचं होतं, आणि त्यासाठी दोष मोजावे लागले. कोणत्या फेरीत किती धार जाते, मोटर किती वेळानं हेलकावते, सुरकुती हेडाखालून जाताना आवाज किती बुडतो. हे कागदावरून कळत नाही. चालू अवस्थेतलं जुनं यंत्र शेजारी ठेवून, दोघांना एकच स्वर ऐकवून तपासावं लागतं. इथं मला अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवते. समुद्रावर फिरायला येणारे तिच्यावरून सहज पुढं निघून जातात, पण तिची हकीकत थांबून ऐकावी अशी आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं तिथली नाजूक उपकरणं बिघडणार होती. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नवी जागा अलिबागला निवडली. लोखंडासारख्या चुंबकीय वस्तू टाळून तिथं इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याची उपकरणं त्यांनी लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालल्या. तीच पृथ्वी, तोच दिवस, दोन जागा. दोन्हींमधला फरक नेमका कळला, म्हणून कुलाब्याची लेखमाला अलिबागला तुटल्याशिवाय पुढं गेली. जुनी उपकरणं एका रात्रीत बंद करून सकाळी नवी चालू केली असती, तर नवी कितीही अचूक असली तरी आधीच्या साठ वर्षांशी त्यांची गाठ पडली नसती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या दोन वर्षांत सापडतं. नक्कल आणि वारसा यांत फरक हुबेहूबपणाचा नसतो. मूळ अजून वाजत असताना नव्यानं त्याच्या शेजारी बसून कान दिला होता का, यावर तो ठरतो. पडसादाची घडणही अशीच आहे. मूळ स्वर विरण्याआधी पहिला पडसाद त्याच्यावर येऊन पडतो, पहिला विरण्याआधी दुसरा. मध्ये शांतता पडली की साखळी तुटते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आहे. १७४० मध्ये चौल-रेवदंड्याचा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले. पण कोर्लईच्या गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडची पोर्तुगीजमधून घडलेली बोली राहिली. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १९९६ मध्ये निघालं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी जाऊ लागलं. तिला झिजलेली पोर्तुगीज म्हणणं चूक ठरेल, कारण जे गेलं त्याच्या जागी शेजारच्या मराठीनं काही दिलं, आणि त्यातून लिस्बनला कळणार नाही अशी एक पूर्ण भाषा उभी राहिली. पावणेतीनशेहून अधिक वर्षं ती टिकली ती कुठल्या साठ्यामुळे नाही. आजी बोलत असताना नात त्याच ओटीवर बसलेली होती, एवढंच कारण. आज नात शाळेच्या भाषेत उत्तर देऊ लागली आहे, तेव्हा काळजी वाटावी ती बोली बदलण्याची नव्हे, ओटीवरच्या त्या सोबतीची.

पेडलला एक गोष्ट कधीच जमणार नाही. त्याचं वयाचं बटण डावीकडे फिरवलं की टेप पुन्हा तरुण होते. खऱ्या टेपची झीज एकाच दिशेनं जायची आणि तिच्यावर एका माणसाच्या हाताचा, एका खोलीच्या हवेचा ठसा असायचा. पेडलमध्ये आहे ते त्या झिजेचं चित्र. पण काळजीपूर्वक पाहून काढलेलं चित्र खोटं नसतं, आणि माझ्यासारख्या हजारो वाजवणाऱ्यांना त्यामुळे कळतं की कधीकाळी आवाज असाही मागं हटत असे.

म्हणून मला पेडलची तक्रार करावीशी वाटत नाही. उलट त्यानं दिलेला धडा मी मांडवात घेऊन जातो. आगरी-कोळी लग्नात धवलारीण लागते. धवले गात गात लग्नाचे विधी पार पाडणारी ही बाई एकेकाळी भटजीच्या जागी असे. धवले कागदावरून नाही, एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी आले. ते मोबाइलवर उतरवून ठेवावेत, जरूर ठेवावेत. पण रेकॉर्डिंगला चूक सुधारून देता येत नाही आणि कुठं थांबायचं ते खुणावता येत नाही. जुनी धवलारीण गात असताना शेजारी एक तरुण मुलगी बसायला हवी, अर्धी ओळ मागं राहून म्हणणारी. तिचे शब्द थोडे निराळे होतील, चाल किंचित सरकेल. ते होऊ द्यावं. कुलाबा आणि अलिबाग दोन्ही चालू होती तशी ती दोन वर्षं आपल्या हातात आज आहेत.

परवा एका हळदीत धवला सुरू झाला तेव्हा मी साउंडवाल्याला हळूच म्हटलं, "दादा, आता इको काढ जरा." त्यानं बटण खाली आणलं. म्हातारीचा आवाज कोरडा, जवळचा झाला, आणि तेव्हा कुठं ऐकू आलं की तिच्या मागून, अर्ध्या ओळीच्या अंतरानं, आणखी कुणीतरी गात होतं.