वाळूची मर्यादा
(वाचावयाचा भाग : यिर्मया ५:२२)

घर वाळूवर बांधू नये हा धडा आपण लहानपणीच शिकलो. परंतु यास्तव वाळू तुच्छ आहे असे कोणी समजू नये. संदेष्टा यिर्मया सांगतो की, परमेश्वराने समुद्रास जी मर्यादा घातली ती वाळूची होय, पर्वताची नव्हे.

आपल्या जालना जिल्ह्यास समुद्र नाही. तथापि अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. शहागडजवळ जी वाळू आपण तुडवितो, तसलीच वाळू पुरांबरोबर पूर्वेस जात जात शेवटी बंगालच्या उपसागरास मिळत आली आहे.

तेथे तिचे काय होते? पावसाळ्यात नैर्ऋत्येकडील वाऱ्याने उठलेल्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात. लाट कणास तिरका वर नेते. ओसरते पाणी त्यास सरळ खाली ओढते. असा तो पावलापावलाने उत्तरेस सरकतो. कोरडी झालेली वाळू वारा उचलतो, आणि गवताचा आडोसा मिळेल तेथे टाकतो. तिचे टेकाड होते. अशा रीतीने काकिनाड्यासमोर सुमारे १६ किलोमीटर लांबीचा वाळूचा बांध बनला आहे. त्यास होप आयलंड, म्हणजे आशेचे बेट, म्हणतात. त्याच भागातील कोरिंगा बंदराचा १८३९ साली तुफानाने नाश झाला. आज हा बांध काकिनाड्याच्या बंदराकरिता लाटांचा मार आपल्या अंगावर घेतो.

परंतु मागून वाळू येत राहील तोवरच असा बांध टिकतो. १९७६ साली पैठणास जायकवाडी धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. तरी धरणे वाळू अडवितात, आणि गोदावरीच्या मुखाशी किनारा ठिकठिकाणी खचत आहे. पात्रात जी उरली, ती रात्री चोरून ट्रॅक्टरात कोण भरतो? त्या वाळूने पाणी धरावे, तेव्हा काठच्या विहिरी भराव्यात. ती गेली म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटते.

बंधूंनो, आपल्या घरास, किंबहुना आपल्या उपासनामंदिरास, अशी वाळू लागली असेल तर खडकावरील पायाची गोष्ट आपण कोणत्या तोंडाने सांगावी? देवाने एकेक कण ठेवून मर्यादा घातली आहे. आपण एकेक पाटी उचलून ती मोडू नये.