आगोटीतला पाहुणा

मित्राची थोरली बहीण परवा एका लग्नात भेटली. जुन्या गोष्टी निघाल्या, मे महिन्यातलं त्यांचं घर निघालं, आणि ‘काय सुट्ट्या होत्या त्या’ असं काहीतरी मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, “तुम्ही दोघं यायचात सुट्टीला. आम्हाला रे कुठली सुट्टी?” एवढं बोलून तिने वाढप्याकडून मठ्ठा मागून घेतला. तक्रार असती तर मी काहीतरी बाजू मांडली असती. पण तिने नुसती माहिती दिली होती, आणि माहितीशी वाद घालता येत नाही.

आंबे, विहीर, करवंदांची जाळी, रात्री अंगणात टाकलेल्या गाद्या हे सगळं वाचकाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ज्याने त्याने आपापलं घालून घ्यावं. गाव राजापूर तालुक्यातलं, काळ कोकण रेल्वे यायच्या आधीचा, म्हणजे मुंबईहून रात्रभर एसटी. मित्र आठवीपासून शिकायला काकांकडे मुंबईत आलेला. आई, आजी, काकू आणि ही बहीण गावी. यातली मला महत्त्वाची वाटत आलेली बाब एकच: ते गाव माझं नव्हतं, मित्राचं होतं.

मामाचं गाव आणि मित्राचं गाव यांत मी नेहमी फरक करतो, आणि तो करताना माझं माप मित्राच्या गावाकडे झुकतं. मामाच्या गावावर आपला जन्मसिद्ध हक्क असतो. तिथे भाच्याने रुसावं, तूप कमी पडलं म्हणून ताट सारावं, तरी त्याचं कौतुकच होतं. गदिमांनी त्या गावाला आगगाडी जोडून दिली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना ते बोबड्या बोलातच मिळालं. मित्राच्या गावी असला काही हक्क नसतो. तिथे आपण फक्त एका मुलाच्या शब्दावर जातो. आणि जे हक्काने मिळत नाही, त्याचंच मोल माणसाला कळतं, असं मी आजवर मानत आलो.

दुसरंही एक कारण होतं. मामा जातीतलाच असतो. मित्राचं तसं नसतं. शाळेच्या बाकावर आडनावं हजेरीपुरती होती. गावी पोहोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आजीने माझं पूर्ण नाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, आणि मग क्षणभर थांबून ताट मांडायला सांगितलं. त्या क्षणात काय काय तोललं गेलं असेल याचा अंदाज मला पुष्कळ उशिरा आला. परक्या ताटावर बसायची वेळ मामाच्या गावी कधी येतच नाही. म्हणून मी म्हणायचो की, समाज जर कुठे थोडाफार पुढे सरकला असेल तर तो मे महिन्यात मित्राच्या ओटीवर सरकला.

हे म्हणताना १९०१ सालची एक सुट्टी विसरून चालत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये डॉ. आंबेडकरांनी ती सांगितली आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावलेलं. मुलं नवे कपडे, नवे बूट घालून साताऱ्याकडून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तरने कोण म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकताच तो मागे सरला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर कशीबशी बैलगाडी मिळाली, तीही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं अशा बोलीवर. जेवण बरोबर होतं. पाणी कुणी देईना, म्हणून ती मुलं रात्री उपाशी झोपली. बाबासाहेबांचं गावाविषयीचं कठोर मत पुढे संविधान सभेत सगळ्यांनी ऐकलं. ते कुठून आलं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी ही सुट्टी वाचावी.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की, परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवल्याबद्दल शत्रूसारखी वागणूक मिळता कामा नये, एवढा हक्क जगातल्या प्रत्येकाला आहे. मात्र पाहुणा म्हणून घरात ठेवून घेतलं जाण्याचा हक्क त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा, खास करार लागतो. मसूरच्या स्टेशनवर पहिला हक्कच नाकारला गेला. मला मात्र राजापूर तालुक्यात दुसरी गोष्टही आयती मिळाली. मग माझा तो खास करार कुणी केला होता? आठवीच्या वर्गात, मागच्या बाकावर, दोन मुलांनी. आणि तो पाळायचा कुणी होता? ज्या बायका त्या वर्गात नव्हत्या त्यांनी.

इथे गावातल्या मे महिन्याचा हिशेब मांडायला हवा. शहराला जो सुट्टीचा महिना, तो कोकणात आगोटीचा, म्हणजे पावसाआधीच्या तयारीचा. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत भाजावळ उरकायची, मृगाच्या आत घर शाकारायचं, पडवीला पावसाच्या झडीसाठी झापं बांधायची, चार महिन्यांचं सरपण आणि गोवऱ्या कोरड्यात रचायच्या. पापड, कुरडया, सांडगे, फेण्या वाळवायच्या. रतांब्यांची आमसुलं करायची, म्हणजे सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात घालायची. आणि हे सगळं पाण्याविना. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारा हा मुलूख. पण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, आणि मे महिन्यात रहाटाचा दोर विहिरीच्या तळाशी टेकतो. अशा वेळी घरात आणखी एक अंघोळ करणारा माणूस येतो, आणि त्याला दिवसातून दोनदा अंघोळ हवी असते.

फणसाबद्दल थोडं विषयांतर करतो. कापा फणस खायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो सोडवायला लागतो. हाताला आणि विळीला तेल लावायचं, पाव काढायची, चीक पुसायचा, चारखंड बाजूला करायचं, गरा काढायचा, गऱ्यातली आठळी काढायची. आठळ्या फेकायच्या नसतात. पावसात भाजी नसते तेव्हा त्या उकडून, भाजून, आमटीत घालून खायच्या. बरका असेल तर त्याचा रस काढून तेलाचा हात लावलेल्या ताटांत पसरायचा आणि साठं वाळवायची. ती वाळेपर्यंत कावळे, मुंग्या आणि आमच्यासारखी मुलं यांच्यापासून राखायची. मला वाटतं, फणस हे एकट्या माणसाचं फळच नव्हे. त्याला मोठं घर लागतं, आणि त्या घरात दुपारी न झोपणारं कुणीतरी लागतं. आम्ही दुपारी झोपायचो.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यापुढे मी हे बोललो. त्याला असल्या गोष्टी सोप्या वाटतात. तो म्हणाला, “यात कोडं कसलं? फुकट होतं म्हणून अन्याय होता. आता होम-स्टे आहेत, कृषी पर्यटन आहे, सरकारने २०२० साली त्याचं धोरण केलं आहे. माणशी पैसे मोजा, फणस सोडवण्याचेही मोजा, प्रश्न मिटला.” मी चिडून म्हणालो की, पाहुणचाराला दरपत्रक लावलं की पाहुणा संपतो आणि गिऱ्हाईक उरतं, गिऱ्हाईक तर मामाच्या भाच्याहून वाईट, कारण त्याचा हक्क पावतीवर छापलेला असतो. तो शांतपणे म्हणाला, “गिऱ्हाइकाला ‘आज जेवण नाही’ असं सांगता येतं. तुला कधी कुणी सांगितलं?”

मी मुद्दा बदलला. म्हटलं, जाहिरातीवर नाव घरधन्याचं, बुकिंग त्याच्या फोनवर, पैसे त्याच्या खात्यात. चुलीपुढे मात्र घरातली बाईच. तुझ्या बाजाराने काय बदललं? त्याने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ सालची पाहणी काढली. घरकामाला हात लावणाऱ्यांत बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. “हा आकडा मोजला गेला म्हणून तू आज बोलतो आहेस,” तो म्हणाला. “पैसे कुणाच्या खात्यात जावेत हा पुढचा प्रश्न. आधी पैसे आहेत हे तरी ठरू दे.” हा माणूस वादात मला आवडत नाही, त्याची वाक्यं आखूड असतात. तरी त्याचं एक मी मान्य करत नाही. मैत्रीचा मोबदला पैशात दिला तर ती फेड होत नाही, हिशेब बंद होतो. मित्राच्या आईच्या हातावर दिवसाचे अमुक रुपये ठेवले असते तर तिने मला घरातून काढलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

मग फेड व्हायची कशात? याचा विचार करताना मला पुन्हा मामाच्या गावाकडे यावं लागलं, आणि या वेळी ते दुसऱ्या बाजूने दिसलं. मामाचं गाव म्हणजे आईचं माहेर. मुलं हक्काने धिंगाणा घालतात त्या महिन्यात त्यांची आई वर्षातून एकदा उशिरा उठते. कष्ट मामीच्या अंगावर पडतात, हे खरं. पण मामीलाही माहेर असतं, आणि नणंदा येण्याआधी किंवा परत गेल्यावर तीही तिकडे जाते. आळीपाळी होती. पूर्ण न्याय नव्हता, तरी प्रत्येक बाईच्या वाट्याला कधी ना कधी आठ दिवसांची विश्रांती यायची. जन्माचा हक्क म्हणून मी ज्या गावाला खालचं मानत होतो, त्या हक्काखाली बायकांची ही पाळी बांधलेली होती. मित्राच्या गावी अशी कुठलीच पाळी नव्हती. तिथे माझ्या जाण्याने कुठल्याही बाईला सुट्टी मिळाली नाही. असलेल्या कामात एक ताट, एक अंथरूण आणि दोन अंघोळींची भर पडली. जातीची भिंत आम्ही ओटीवर ओलांडली असेल, पण त्याचं पाणी कुणी भरलं?

आणि ही मैत्री मुलग्यांची होती. माझ्या वर्गातली कुणी मुलगी मैत्रिणीच्या गावी महिनाभर राहायला गेल्याचं मी ऐकलं नाही. मुलीला आजोळ होतं आणि लग्नानंतर माहेर. तिने जोडलेल्या माणसाच्या शब्दावर परक्या घरी जाऊन राहणं, हे तिच्या बाबतीत कुणाच्या मनातही आलं नाही. मित्राची बहीण आमच्या मुंबईच्या घरी सुट्टीला कधी आली नाही. मित्र यायचा. तिला बोलवावं हे आमच्या घरी कुणाला सुचलं नाही, आणि दोन खोल्यांची जागा हे त्याचं कारण नव्हतं. त्याच दोन खोल्यांत गावचे पुरुष कोर्टाच्या कामाला येऊन चार-चार दिवस राहत.

म्हणून आज मी मित्राच्या गावाला मामाच्या गावाच्या वर बसवणार नाही. ते वर जाऊ शकतं, पण एका अटीवर: त्यात परतीची पाळी हवी, आणि ती मित्राची नको, त्याच्या घरातल्या बायकांची हवी. ज्याला हक्क नाही त्याने तरी घेतल्याचा हिशेब ठेवला पाहिजे.

तेव्हा मुलाला मित्राच्या गावी पाठवत असाल तर जरूर पाठवा, मुलीलाही मैत्रिणीच्या गावी पाठवा. निघताना सांगा की विहिरीवरून आपल्या अंघोळीचं पाणी आपण आणायचं आणि फणस सोडवायला बसायचं. पावसाळा संपला की त्या घरातल्या बाईला एकटीला तुमच्याकडे आठ दिवस बोलवा, आणि तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नका. हे जमणार नसेल तर सरळ होम-स्टेमध्ये खोली घ्या, ठरलेले पैसे मोजा, आणि ते रांधणाऱ्या हातात द्या.