दार नसलेल्या घरातलं प्रेम

‘एलेनॉर अँड पार्क’ ही रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेची कादंबरी. २०१२ साली ती आधी ब्रिटनमध्ये आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. गोष्ट घडते १९८६ च्या ऑगस्टपासून पुढे, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात, गरीब आणि निम्नमध्यमवर्गीय वस्तीत. रॉवेल स्वतः ओमाहाच्याच, तिथल्या वर्तमानपत्रात अनेक वर्षं स्तंभ लिहिलेल्या. त्यामुळे कादंबरीतले रस्ते, शाळेची बस, शेजारपाजार, कोण कुणाकडे कसं बघतं, हे सगळं आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिलंय, हे जाणवत राहतं.

नायक-नायिका सोळा वर्षांचे. एलेनॉर अंगाने थोराड, केस लालभडक आणि कुरळे, कपडे पुरुषी, जुने, कुठे कुठे ठिगळं लावलेले. पार्क शेरिडनची आई कोरियन. वडील गोरे, सैन्यात असताना कोरियात गेलेले आणि तिथूनच बायको घेऊन आलेले. पार्क सडपातळ, कमी बोलणारा. वर्गात कुणाच्या नजरेत येऊ नये एवढीच त्याची इच्छा. नवी मुलगी बसमध्ये चढते, तिला कुणी जागा देत नाही, ती वाटेतच उभी राहते. पार्कला तो तमाशा सहन होत नाही. तो सरकतो आणि शिवी हासडून तिला बस म्हणतो. ओळख होते ती अशी. त्यात दया आहे, पण तिच्याबरोबर आपणही चेष्टेचा विषय होऊ अशी भीती दयेहून जास्त आहे. प्रेमकथेच्या पहिल्याच प्रसंगात नायकाला इतका भित्रा आणि इतका खरा दाखवणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढचे कित्येक दिवस दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. पार्क कॉमिक वाचत असतो. शेजारी बसलेली मुलगी तिरक्या नजरेने आपल्याच पानावर वाचतेय, हे त्याच्या लक्षात येतं. तो पान जरा जास्त वेळ उघडं ठेवू लागतो. मग एक दिवस काही न बोलता कॉमिक्सचा गठ्ठा तिच्या हातात देतो. ‘एक्स-मेन’, ‘वॉचमेन’, ‘स्वाँप थिंग’. ती ते घरी नेते आणि दुसऱ्या दिवशी जपून परत आणते. कॉमिक्सनंतर गाणी येतात. तो तिच्यासाठी टेप भरतो, पण टेप ऐकायला आपल्याकडे काहीच नाही, हे तिला सांगवत नाही. ते उमगल्यावर तो आपला वॉकमन देऊ करतो, तर ती तोही नको म्हणते. बॅटऱ्या संपल्या तर नव्या आणायला तिच्याकडे पैसे नाहीत. मग तो बॅटऱ्याही आणून देतो. रात्री बंकबेडच्या वरच्या बाजूला पडून ती ती गाणी ऐकते. खाली त्याच खोलीत तिची चार भावंडं झोपलेली असतात.

या बॅटऱ्यांपाशी थांबावंसं वाटतं. विजोड जोडीच्या बहुतेक प्रेमकथांमध्ये विजोडपणा दिसण्यात असतो, स्वभावात असतो, फार तर आईबापांच्या भांडणात असतो. वाचकाला तो गोड वाटतो आणि शेवटी विरघळूनही जातो. या कादंबरीतही आधी नजर जाते ती दिसण्यावर आणि वंशावर. पण खरी दरी दोन घरांमधली आहे. पार्कच्या घरी टेलिफोन आहे, त्याची स्वतःची खोली आहे, शेजारीच आजी-आजोबा राहतात, आई घराच्या गॅरेजमध्ये ब्युटी पार्लर चालवते. एलेनॉरच्या घरी फोन नाही. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून आहे आणि त्याला दार नाही. आईने तिथे चादर लटकवली आहे. सावत्र बाप रिची घरी यायच्या आत, शाळेतून आल्या आल्या घाईने अंघोळ उरकून घ्यायची, हा एलेनॉरचा रोजचा नेम. तिच्याकडे दात घासायचा ब्रशसुद्धा नाही. वर्षभरापूर्वी रिचीने तिला घरातून हाकललं होतं. तेव्हापासून ती आईच्या ओळखीच्या एका जोडप्याकडे राहत होती. आता परत आली आहे, पण आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी.

प्रेमात पडलेल्या मुलाला वाटतं, दोघांमध्ये काही लपवाछपवी असू नये. जिच्या घराला दार नाही, तिला मात्र सगळंच लपवावं लागतं. ‘संध्याकाळी फोन कर ना’ या साध्या वाक्यालाही एलेनॉरकडे उत्तर नसतं. पार्कच्या घरी जाताना ती आईला मैत्रिणीकडे जातेय म्हणून सांगते. त्याच्या प्रत्येक भेटवस्तूने ती आनंदते आणि त्याच क्षणी दबूनही जाते, कारण परत द्यायला तिच्याजवळ काही नाही. गरिबी माणसाला उपाशी ठेवते हे आपल्याला ठाऊक असतं. ती माणसाला प्रेम घेतानाही संकोचायला लावते, हे मात्र फार थोड्या पुस्तकांनी सोळा वर्षांच्या वाचकाला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे. हे पुस्तक त्यांपैकी एक आहे.

रॉवेल यांनी कथा दोघांच्या नजरेने आळीपाळीने सांगितली आहे. कधी पानोपानी, तर कधी दोन-चार ओळींत नजर बदलते. एलेनॉरला आपलं शरीर ओझं वाटतं, आणि पुढच्याच तुकड्यात पार्कला तिच्यावरून नजर काढवत नाही. बसमध्ये तो पहिल्यांदा तिचा हात हातात घेतो तेव्हा तिने मनगटाला बांधलेल्या रेशमी रुमालाशी आधी चाळा करतो, मग रुमालासकट बोटं तिच्या तळव्यात सरकवतो. हा एवढा स्पर्श दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. नुसता हात धरण्याला एवढी जागा देण्याचा धीर मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या कादंबरीकारांकडे सहसा नसतो. कुमारवयीन वाचकाला मात्र त्या जागेचं मोल पुरेपूर कळतं.

एलेनॉरच्या पाठ्यपुस्तकांच्या कव्हरवर कुणीतरी घाणेरडी वाक्यं लिहीत असतं. बसमधली, वर्गातली मुलं तिला छळतातच, त्यामुळे हे टीना नावाच्या मुलीचंच काम असणार, अशी तिची खात्री असते. शेवटाकडे एका रात्री रिची तिच्या जपून ठेवलेल्या वस्तूंची नासधूस करतो आणि त्यात एक चिठ्ठी सापडते. तिच्यावरचं अक्षर ती ओळखते. पुस्तकांवर लिहिणारा हाच, तिच्याच घरात राहणारा. त्या क्षणी तिच्या आजवरच्या भीतीला चेहरा मिळतो. त्याच रात्री ती घर सोडते. बाहेर तिला आसरा देते तीच टीना, जिला ती शत्रू समजत होती. या सगळ्या प्रकरणात लेखिकेने एकही प्रसंग भडक केलेला नाही. त्या घाण शब्दांखेरीज वाचकाला धोका कळायला दुसरी वाटही नव्हती.

म्हणूनच २०१३ मध्ये मिनेसोटा राज्यात जे घडलं त्याचा मला अजून राग येतो. तिथल्या अनोका-हेनेपिन शाळा-जिल्ह्यातल्या ग्रंथपालांनी उन्हाळी सुट्टीतल्या ऐच्छिक वाचनासाठी ही कादंबरी निवडली होती आणि लेखिकेला मुलांशी बोलायला बोलावलं होतं. काही पालकांनी आक्षेप घेतला. त्यांनी पुस्तकातले अश्लील आणि शिवराळ उल्लेख मोजले. आकडा भरला २२७. पुस्तक हटवा आणि निवडणाऱ्या ग्रंथपालांवर कारवाई करा, अशी त्यांची मागणी होती. लेखिकेची भेट रद्द झाली. पुढे या तक्रारीचा विचार करणाऱ्या समितीने पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात राहू दिलं, पण मुलांपुढे ठरल्या वेळी जे बोललं जायला हवं होतं, ते राहिलंच.

त्या पालकांच्या मुलांविषयीच्या काळजीवर मला शंका घ्यायची नाही. पण त्यांनी मोजलेल्या शब्दांत रिचीने एलेनॉरच्या वह्यापुस्तकांवर लिहिलेले शब्दही होते. त्या मुलीला ज्या शब्दांनी घरातून पळावं लागलं, तेच शब्द लेखिकेच्या नावावर जमा झाले. अशा शब्दांतून रोज जाणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत असतात, ओमाहातही आणि अनोकातही. त्यांनी पुस्तकात आपली गोष्ट ओळखली असती. कुणाला सांगायचं, निघून कसं जायचं, याचा निदान विचार केला असता. शब्द मोजणाऱ्यांनी त्या मुलींना मोजलं नाही. त्याच कादंबरीला २०१४ मध्ये कुमारवयीन साहित्यासाठीच्या प्रिंट्झ पुरस्काराचा सन्मान मिळाला. हा पुरस्कार अमेरिकन ग्रंथपालांच्याच संघटनेतर्फे दिला जातो, आणि मायकेल प्रिंट्झ या ज्या माणसाच्या नावाने तो आहे तोही कॅन्सस राज्यातला एक शालेय ग्रंथपाल होता. मुलांच्या हाती काय द्यायचं याची जबाबदारी ज्यांनी आयुष्यभर पेलली, त्यांचं मत मला त्या आकड्याहून वजनदार वाटतं.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. कोरियन-अमेरिकन वाचकांनी पार्कच्या चित्रणावर घेतलेले आक्षेप मला पटतात. पार्क हे कोरियात मुळात आडनाव आहे, आणि लेखिकेने ते मुलाचं पाळण्यातलं नाव केलं आहे. एलेनॉर त्याच्या रूपाचं वर्णन करते तेव्हा कधी कधी तो माणूस राहत नाही, दूरदेशीची नवलाई होतो. त्याची आई मिंडी तुटक इंग्रजी बोलते आणि बराच काळ नवऱ्याच्या घरातली शोभा वाटते. गरिबीविषयी लेखिका जितकी आतून लिहिते, तितकी वंशाविषयी लिहीत नाही. तरी मिंडीचा एक प्रसंग हा दोष बराच हलका करतो. आधी तिला ही गबाळी मुलगी मुळीच पसंत नसते. एकदा दुकानात एलेनॉरची आई आणि तिच्यामागचं पोरांचं लटांबर मिंडीच्या नजरेस पडतं. स्वतः मोठ्या, हलाखीच्या कुटुंबात वाढलेल्या मिंडीला त्या घरात काय चाललंय ते न सांगता कळतं. त्यानंतर तिच्या घराचं दार एलेनॉरला उघडं होतं. सुनेची परीक्षा घेणारी सासू शोभावी अशी बाई एका नजरेत बदलते, कारण तिला आपलं बालपण आठवतं.

कादंबरीच्या शेवटी पार्क एलेनॉरला गाडीतून रातोरात मिनेसोटात तिच्या मामांकडे पोचवतो. त्याच्या वडिलांना हे कळतं, ते अडवत नाहीत, गाडी देतात. मामांनी आधी पाठवलेलं पत्र तिने जपून ठेवलेलं असतं, त्या पत्राचाच तिला आधार. इथे रॉवेल यांची सगळ्यात मोठी प्रामाणिकता दिसते. सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रेमाने सोळा वर्षांची मुलगी वाचत नाही. मुलगा सोबत देऊ शकतो, गाडी चालवू शकतो, ‘तू नकोशी नाहीस’ हे तिला पटवू शकतो. पण छप्पर, जेवण, शाळा आणि सुरक्षितता मोठ्यांनीच द्यायची असते. एलेनॉरला एक शहाणा मामा होता म्हणून ती वाचली. तिची भावंडं मागे राहतात, आणि ती बोच लेखिका मिटवत नाही. निरोपानंतर एलेनॉर पार्कच्या पत्रांना उत्तरं देत नाही. बऱ्याच दिवसांनी तिचं एक पोस्टकार्ड येतं, त्यावर तीनच शब्द. ते कोणते हे लेखिकेने सांगितलेलं नाही. मला ते जाणून घ्यायची घाई नाही. ते दोघं जन्मभर एकत्र राहतील का, हा या पुस्तकाचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे या वयाच्या वाचकासाठी काय आहे, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. मराठीत फास्टर फेणे संपला की मुलं थेट मोठ्यांच्या कपाटापाशी येतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. ती आजही वाचली जाते ती बहुतेक करून आपली शाळा आठवणाऱ्या मोठ्यांकडून. प्रेमातली लाज आपल्याला खरी दाखवली ती नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाने. शाळेतली मुलं आणि मनात भरलेली शालू बघत असताना त्यातल्या जब्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडायला उतरावं लागतं. तिथे लाज गरिबीबरोबर जातीचीही आहे, म्हणून ती एलेनॉरच्या लाजेहून अधिक जुनी आणि अधिक क्रूर. पण जिच्या नजरेत चांगलं दिसावंसं वाटतं तिच्यापासूनच आपलं घर लपवायची धडपड दोघांची एकच आहे. ‘फँड्री’ पडद्यावर आहे. त्या तोडीची, पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेली कादंबरी मराठीत मला सापडलेली नाही. प्रेम दाखवलं की मुलं बिघडतील ही धास्ती प्रकाशकांना आहे, शाळांना आहे, आणि घराघरात आहे. मुलं मात्र प्रेमात पडायची थांबलेली नाहीत. त्यांच्या हातात फोन आहेत, त्यात सगळं आहे. नाही ते इतकंच: एखाद्या शहाण्या मोठ्या माणसाने त्यांच्या वयाचं प्रेम गंभीरपणे घेऊन लिहिलेलं पान.

ज्यांच्या घरात नववी-दहावीतली मुलं आहेत त्यांनी ‘एलेनॉर अँड पार्क’ आधी स्वतः वाचावी, शिव्यांसकट, आणि मग मुलांना द्यावी. शाळांच्या ग्रंथपालांनी ती मागवावी. आणि मराठीत लिहिणाऱ्यांपैकी ज्यांना आपलं पंधरावं वर्ष अजून स्वच्छ आठवतं, त्यांनी ते याच वयाच्या वाचकासाठी लिहून काढावं. त्या वाचकाला असं पुस्तक आज हवं आहे.